डोळे बांधून धूर ओळखताना

आम्ही चौघांनी लफ्रॉयग 10 आणि टॅलिस्कर 10 या दोन धुरकट स्कॉच व्हिस्की नावं झाकून चाखल्या. बाटल्या समोर असल्या की फरक सहज कळतो. झाकल्यावर मात्र चौघांची चार उत्तरं. कुठे चुकतंय? (वाचक, रत्नागिरी)

चूक जिभेची कमी आणि मांडणीची जास्त असते. टॅलिस्कर 45.8 टक्के अल्कोहोलची, लफ्रॉयग 10 बाजारपेठेनुसार 40 किंवा 43 टक्क्यांची. म्हणजे घशाला जास्त चरचरली ती टॅलिस्कर, एवढंच ओळखलं जातं आणि धूर बाजूलाच राहतो. आधी दोन्ही 40 वर आणा. टॅलिस्करच्या 15 मिलिलिटरमध्ये 2.2 मिलि पाणी, 43 टक्क्यांच्या लफ्रॉयगमध्ये 1.1 मिलि. औषधाच्या दुकानातली 5 मिलिची सिरिंज सुई काढून वापरा. चमच्याने हे माप साधत नाही. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याने मुभा आहे, त्यामुळे रंगही फसवतो. पेल्याला बाहेरून काळा कागद गुंडाळा. दोन्ही बाटल्या एकाच दिवशी फोडलेल्या हव्यात. अर्धी रिकामी बाटली महिनोन्‌महिने पडून राहिली की धूर मवाळ होतो.

मग तीन पेल्यांची कसोटी घ्या. दोन पेल्यांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कोणता तेवढंच सांगायचं. ओतणारा एक आणि पेले आणून देणारा दुसरा असावा, कारण ओतणाऱ्याचा चेहरा उत्तर सांगून जातो. पेल्यात 10 मिलि पुरे. एका संध्याकाळी एकच फेरी, अशा पाच संध्याकाळी, दर वेळी क्रम बदलून. निव्वळ अंदाजाने पाचपैकी चार किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साधारण साडेचार टक्के असते, म्हणून चार बरोबर आली तर फरक खरंच कळतोय असं समजा. एकाच बैठकीत पाचही फेऱ्या उरकू नका. धुराचा वास नाकात बसतो आणि तिसऱ्या फेरीपासून सगळे पेले सारखेच वाटतात.

आता कोकणातल्या घराचं. डासांची कॉइल, उदबत्ती, न्हाणीघरातली पेटती चूल, पडवीत टांगलेली सुकट, यांतलं काहीही आसपास असलं तर कसोटी बाद. दोन तास आधी खोली मोकळी करा. तळलेला बांगडा आणि लसणीची चटणी कसोटी संपल्यावर; आधी आणि मधे नुसते कुरमुरे आणि पाणी. मे महिन्यात खोली 32 अंशांवर असते, तेव्हा अल्कोहोलची वाफच आधी नाकात चढते. बाटल्या पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग ओता, बर्फ नको. हुंगताना पंखा बंद, तोंड किंचित उघडं, पेला नाकापासून दोन बोटं लांब.

आणि धूर किती, असं स्वतःला विचारू नका. कसला, असं विचारा. करवंटीचा निखारा विझवून त्यावर मिनिटभर काचेचा पेला पालथा घाला, मग तो हुंगा. तो गोडसर, खरपूस वास बराचसा धुरातल्या ग्वायकॉल या रसायनाचा. काळ्या फिनेलचा किंवा डांबराचा वास क्रेसॉल या दुसऱ्या रसायनाकडचा. हे दोन्ही गट पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या जळाऊ मातीच्या) धुरात असतात, प्रमाण निराळं. लफ्रॉयग टिंक्चर आयोडीन आणि जखमेच्या पट्टीकडे झुकते. टॅलिस्करमध्ये धूर मागे राहतो आणि गिळल्यावर काळी मिरी येते. घाई केली तर ती मिरी हुकते. घोट गेल्यावर दहा सेकंद थांबा.

(महाराष्ट्रात यासाठी वय 25 पूर्ण आणि परवाना हवा. चाखल्यावर गाडीला हात नको.)

पाण्याचे दोन-चार थेंब घातले की आमच्याकडे प्रत्येक धुरकट व्हिस्कीला दवाखान्याचा वास येतो, अगदी सौम्य बोमोरलाही. असं का? (वाचक, गुहागर)

संशय पाण्यावर. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली की पाण्यात क्लोरीन राहतो. धुराला वास देणाऱ्या फिनॉल या रसायनांशी त्याची गाठ पडली की क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि त्यांचा औषधी वास अगदी नगण्य प्रमाणातही जाणवतो. अर्धा पेला पाणी झाकून हलवा, झाकण काढताच हुंगा. क्लोरीन असेल तर तिथेच कळेल. पाणी उघड्या भांड्यात दहा मिनिटं उकळून गार करा किंवा सीलबंद पाणी घ्या. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी मात्र उकळूनही चालणार नाही, क्षार त्यात राहतातच.

आर्डबेग व्हिस्कीचा फिनॉलचा आकडा 55 पीपीएमपर्यंत (दहा लाखांत 55 भाग) सांगतात, लफ्रॉयगचा 40 ते 45. तरी झाकून चाखताना लफ्रॉयगच जास्त धुरकट वाटली. (वाचक, देवगड)

तुमचं नाक चुकलेलं नाही. हा आकडा धुरावर वाळवलेल्या मॉल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचा, बाटलीतल्या दारूचा नव्हे. मॉल्ट भिजवणं, आंबवणं, ऊर्ध्वपातन, पिंपातली वर्षं, प्रत्येक पायरीला फिनॉल घटतात. जड, औषधी फिनॉल ऊर्ध्वपातनात उशिरा उतरतात, त्यामुळे उतरत्या दारूची धार कुठे तोडली यावर बरंच ठरतं. आर्डबेगच्या भट्टीला प्युरिफायर आहे; तो जड वाफ गार करून परत भांड्यात सोडतो, आणि म्हणून एवढ्या धुरातही तिच्यात लिंबासारखी फळं तग धरतात. आकडा बघून पेल्यांचा क्रम लावू नका. एकदा पातळ करून हुंगा आणि सौम्य ते जड अशी रांग स्वतः लावा. रांगेत पाहुणी हवी असेल तर शेजारच्या गोव्यातल्या कुंकळ्ळीची पॉल जॉन बोल्ड घ्या. तीही पीटच्या धुराची, 46 टक्के, पण उष्ण हवेत मुरलेली.

स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या व्हिस्कीतली खारट चव समुद्राची असते का? (वाचक, मालवण)

मीठ वाफेबरोबर वर चढत नाही, त्यामुळे भट्टीतून ते उतरत नाही. तिथल्याच कल ईला व्हिस्कीचा बराचसा माल तर बेटावर नव्हे, मुख्य भूमीवरच्या गोदामांत मुरतो, तरी तीही लोकांना खारट लागते. आयोडीन आणि शेवाळाचा वास आला की मेंदू मीठ जोडून देतो. लहानपणापासून ओहोटीचा किनारा हुंगलेल्या माणसाचा तर आणखी लवकर. पडताळा सोपा आहे. नाक चिमटीत धरून अर्धा चमचा तोंडात घ्या आणि पाच सेकंद घोळवा. खरं मीठ असतं तर ते जिभेला लागलंच असतं. नुसती जळजळ आणि किंचित गोडवा लागेल. नाकाची चिमटी सोडलीत की खारटपणा परत येईल.