बांधावरचा तित्तर गेला कुठे?

प्रश्न : सर, आमचं रान बार्शी तालुक्यात आहे. लहानपणी पहाटे बांधावरनं तित्तर ओरडायला लागला की वडील म्हणायचे उठा, उजाडलं. आता दोन वर्षं झाली आवाजच नाही. गावात म्हणतात फासे लावणाऱ्यांनी संपवले, पण आम्ही तर कुणाला रानात पाऊल ठेवू देत नाही, मग गेले कुठे?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : दादा, फासे लावतात हे खरंय, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, ढाब्यावर गुपचूप तित्तर मागवणं पण गुन्हाच. पण तुमच्या रानात कुणी येत नाही आणि तरीही पक्षी नाही म्हणजे कारण रानातच शोधायला पाहिजे. मला सांगा, बांध किती रुंद उरलाय? बोरी-बाभळी आहेत की जेसीबीने काढल्या? आणि तणनाशक कुठपर्यंत मारता?

का विचारतोय ते सांगतो. इंग्लंडमध्ये तित्तराचा एक भाऊबंद आहे, ग्रे पार्ट्रिज. तिकडे त्याची शिकार कायद्याने चालते, आणि तो कमी व्हायला लागल्यावर शिकारीवाल्या लोकांनीच संशोधनाला पैसा दिला. ससेक्स भागात डिक पॉट्स नावाच्या शास्त्रज्ञाने 1968 साली काम सुरू केलं, दरवर्षी कापणी झाली की मोकळ्या रानात पक्षी मोजायचे, माद्या किती पिल्लं किती, आणि त्याआधी उभ्या पिकात जाऊन व्हॅक्युमसारख्या मशीनने किडे ओढून घ्यायचे आणि एकेक मोजत बसायचं! निघालं असं की पिल्लं उपाशी मरत होती. मोठा पक्षी दाणे, पाला खाऊन भागवतो पण पिल्लाला पहिले दोन-तीन आठवडे किडेच लागतात, आणि ते किडे असतात तणावर. तणनाशक आलं, तण गेलं, किडे गेले, पिल्लं गेली. बंदुकीचा एक बार नाही. कुंपणाच्या झुडपांचा आडोसा गेला आणि कोल्ह्यासारखे शिकारी प्राणी, ही कारणं पण होतीच, पण पिल्लांचं खाणं ही गोष्ट तोपर्यंत कुणी एवढ्या खोलात जाऊन बघितली नव्हती.

मग त्यांनी पिकाच्या कडेचा 6 मीटरचा पट्टा फवारणीतून जवळपास वगळून बघितला, बाकी शेत नेहमीसारखंच. तिथे पिल्लं जास्त जगली. हे वाचलं तेव्हा मला आपले बांध आठवले हो. आपला तित्तर पण झुडपाखाली जमिनीतच जराशा खळग्यात सहा-आठ अंडी घालतो, पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच आईमागे पळतात, वाळवी आणि किडे टिपतात, आणि रात्री बसायला त्यांना काटेरी झाडच लागतं. बांध साफ केला की घर, जेवण, झोपायची जागा तिन्ही एका दिवसात जातात.

तर दादा, पिकात काय मारायचं ते मारा, मी तुम्हाला शेती शिकवत नाही, फक्त बांधाला हात लावू नका आणि पंप बांधापासून चार पावलं अलीकडे थांबवा. गवत, सोयाबीन मशीनने कापताना मधून सुरू करून कडेला या, कडेकडून आत गेलं की पक्षी मधेच कोंडतात आणि शेवटच्या फेरीत मशीनखाली येतात. आणि रानातली मोकाट कुत्री आवरा, अंड्यांचं फार नुकसान करतात. शेजारी कुठे तित्तर शिल्लक असतील तर ते येतील परत, पण वेळ लागेल.

प्रश्न : आमच्या शाळेतली मुलं माळावरनं तित्तराची पिल्लं उचलून आणतात, "मॅडम, एकटी होती" म्हणून. रागवायचं का?
– एक शिक्षिका

उत्तर : रागवू नका मॅडम, पोरं मायेनेच आणतात. पण ती पिल्लं एकटी नसतात, आई दहा पावलांवर गवतात दबून बसलेली असते. आणली तिथेच लगेच नेऊन सोडायची आणि सगळ्यांनी लांब जायचं, बघत उभं राहायचं नाही.

त्यापेक्षा त्यांना काम द्या. मार्चमध्ये एका सकाळी, उजाडताना, ठरलेल्या जागी दहा मिनिटं गप्प बसायचं आणि किती तित्तर ओरडले, कुठल्या बाजूने, ते वहीत लिहायचं. पुढच्या वर्षी तोच आठवडा, तीच जागा, तीच वेळ, आणि वही शाळेतच ठेवायची, पोरं पुढच्या वर्गात गेली तरी मोजणी थांबायला नको. ससेक्समध्ये पण दरवर्षी तेच रान पुन्हा पुन्हा मोजलं म्हणून तर कळलं ना. पाच वर्षांनी ती वही मला नक्की दाखवा.