हरिकेन येणार म्हटल्यावर घर सोडायचं की थांबायचं, हे कसं ठरवता?

प्रश्न असा आहे: आम्ही नुकतेच अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टॅम्पाला राहायला आलोय. सासू-सासरे भारतातून सहा महिन्यांसाठी आलेत. मोठं हरिकेन (इथलं चक्रीवादळ) येणार असेल तर घर सोडायचं की थांबायचं, हे कसं ठरवायचं? सासरे म्हणतात, आयुष्यभर वादळं पाहिलीत, घर सोडून पळायचं कशाला?

उत्तर:

सासऱ्यांचं वाक्य वाचलं आणि माझे बाबाच डोळ्यांसमोर आले. ते श्रीवर्धनचे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ त्यांच्या डोक्यावरून गेलं. पोफळी आडव्या झाल्या, नारळ मोडले, पत्रे आणि कौलं उडाली. आई-बाबा स्लॅबच्या खोलीत दार लावून बसले आणि सुखरूप राहिले. २०२४ च्या सप्टेंबरात ते आमच्याकडे टॅम्पाजवळच्या सेंट पीटर्सबर्गला होते आणि हेलीन हरिकेन आलं. बाबांचं म्हणणं सरळ होतं: घर पक्कं आहे, दारं-खिडक्या लावू आणि बसू.

आम्ही त्यांचं ऐकलं. दोष त्यांचा नाही, निर्णय माझा आणि नवऱ्याचा होता. आमच्या मनात २०२२ चं इयन होतं. तेव्हा अंदाज टॅम्पाकडे बोट दाखवत होते, आम्ही सगळं आवरून ऑर्लँडोला गेलो आणि वादळ दक्षिणेला वळून २८ सप्टेंबरला कायो कोस्टा बेटावर धडकलं. आमच्या घराचं पानही हललं नाही, उलट टॅम्पा बे या खाडीचं पाणी वाऱ्याने बाहेर ओढलं गेलं. परत आल्यावर हॉटेलचं बिल पाहून वाटलं, उगाच गेलो. हा 'उगाच' आम्हाला दोन वर्षांनी महागात पडला.

हेलीन आमच्यापासून शंभर मैलांहून लांब, समुद्रातून उत्तरेला निघून गेलं. २६ सप्टेंबरच्या रात्री ते पेरीजवळ किनाऱ्याला लागलं, ती जागा आमच्यापासून कितीतरी वर. आमचा ए झोन, सगळ्यात धोक्याचा विभाग, म्हणजे निघण्याचा आदेश होता. टॅम्पा बेमध्ये पाच ते आठ फूट पाणी चढेल असा अंदाज होता आणि तो फोनवर मी स्वतः वाचला होता. पण संध्याकाळी वारा बाबांना निसर्गपेक्षा कमीच वाटत होता. रात्री दहाच्या सुमारास गॅरेजच्या दाराखालून पाणी आत आलं. गढूळ, खारं, डिझेलचा वास असलेलं. तासाभरात हॉलमध्ये गुडघ्याला लागलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याने आणि मी तिला हातांचा पाळणा करून वर नेलं. पूल बंद झाले होते. फोन करून उपयोग नव्हता, कारण पाणी आणि वारा ओसरेपर्यंत मदतीची गाडी येऊच शकत नाही. आमचं घर दुमजली म्हणून आम्ही वाचलो. शेजारची बरीच घरं एकमजली आहेत. आमच्या पिनेलस काउंटीत (जिल्ह्यात) त्या वादळात १२ माणसं गेली.

पहाटे जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बाबा खालचं पाणी बघत होते. ते म्हणाले, "वारा मला माहीत होता. हे माहीत नव्हतं."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांच्या या वाक्यावर उभं करते. वादळ किती जोराचं आहे, हा पहिला प्रश्न नव्हेच. तुमच्या दारात पाणी किती उंच येऊ शकतं आणि घरात पाण्यातून चालू न शकणारं कोण आहे, हे दोन प्रश्न आधी. वाऱ्यापासून चांगल्या घरात लपता येतं, पाण्यापासून लांबच जावं लागतं.

वर्गवारीच्या आकड्यावर फार विसंबू नका. एक ते पाच हे नंबर फक्त वाऱ्याच्या वेगावर ठरतात. तीन नंबरपासून, म्हणजे ताशी १११ मैलांपासून पुढे त्याला 'मेजर' म्हणतात. पण २००८ चं आइक टेक्ससला लागलं तेव्हा दोन नंबरचं होतं, आणि तरी बोलिव्हर द्वीपकल्पावरची वस्तीच्या वस्ती समुद्र घेऊन गेला. वादळाचा घेर, किनाऱ्याचा उतार, खाडीचा आकार या सगळ्यावर पाणी ठरतं. टॅम्पा बे उथळ आणि बशीसारखी आहे. पाणी आत ढकललं गेलं की पसरायला जागा नसते, ते चढतच जातं.

म्हणून आज, आकाश निरभ्र असताना, काउंटीच्या साइटवर आपला पत्ता टाकून इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे घर सोडण्याच्या आदेशाचा विभाग, बघा. ए ते ई अशी अक्षरं असतात, ए सगळ्यात धोक्याचा, आणि काही पत्ते कुठल्याच झोनमध्ये नसतात. इथे नव्या माणसांची नेहमी एक गल्लत होते. घर घेताना किंवा भाड्याने घेताना एजंट सांगतो, "तुम्ही एक्स फ्लड झोनमध्ये आहात, काळजी नको." तो नकाशा विम्याचा. इव्हॅक्युएशनचा नकाशा वेगळा, वादळाने किनाऱ्यावर ढकललेल्या समुद्राच्या पाण्याचा. विम्याच्या नकाशात निर्धास्त असलेलं घर या नकाशात बी किंवा सी झोनमध्ये असू शकतं. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर हेलीनपाठोपाठ आलेल्या मिल्टन हरिकेनच्या वेळी निम्मी चर्चा याच गोंधळाची होती.

झोन कळला की पुढचं बरंचसं सोपं होतं. तुमच्या अक्षराला आदेश आला, तर निघायचं. चर्चा नाही. घर नवीन आहे, सहावा मजला आहे, शेजारी थांबतोय, यातलं काहीही धरू नका. उंच इमारत पडणार नाही हे खरं, पण खाली पाणी, वर वीज नाही, लिफ्ट नाही, नळाला पाणी नाही, अशा सहाव्या मजल्यावर सासूबाईंना चार दिवस ठेवणार का? आणि मोबाइल होममध्ये (तयार आणून ठेवलेल्या हलक्या घरात) राहत असाल तर झोन कुठलाही असो, बाहेर पडायचंच.

याउलट तुम्ही कुठल्याच झोनमध्ये नसाल, घर २००२ नंतरच्या बांधकाम नियमांनी बांधलेलं असेल, खिडक्यांना शटर असतील, आजूबाजूला तळं-ओढा नसेल, आणि घरात कुणाचा जीव विजेच्या यंत्रावर अवलंबून नसेल, तर थांबा. हेही मी तितक्याच आग्रहाने सांगते. निघण्यातही जीव जातात. २००५ मध्ये कतरिनानंतर महिन्याभरात रीटा आलं, तेव्हा घाबरून ह्यूस्टन भागातून वीस-पंचवीस लाखांहून जास्त माणसं एकदम रस्त्यावर आली. उकाड्यात गाड्या तासन् तास तुंबल्या. त्या पळापळीत शंभरच्या आसपास माणसं दगावली. त्यात डॅलसजवळ पेटलेल्या एका बसमधले नर्सिंग होमचे २३ वृद्ध होते. ज्यांना जायची गरज नव्हती त्यांनी रस्ता अडवला की ज्यांना होती ते अडकतात.

यातून दुसरी गोष्ट निघते: लांब जायचं नसतं. लोक इथून अटलांटाला पळतात, आठ तासांचा रस्ता वीस तासांचा होतो. तुम्हाला फक्त पाण्याच्या बाहेर, जरा उंचावर, धड भिंतींच्या आत जायचंय. त्याला चाळीस-पन्नास मैल पुरतात. मिल्टनला आम्ही लेकलँडला मैत्रिणीकडे गेलो, एवढंच. किनाऱ्याकिनाऱ्याने मात्र सरकू नका. इयनच्या वेळी टॅम्पा सोडून दक्षिणेला फोर्ट मायर्सकडे गेलेलं एक कुटुंब माझ्या ओळखीत आहे, ते बरोबर वादळाच्या तोंडी गेले. नकाशावर तो पांढरा शंकू दिसतो ना, तो वादळाचा केंद्रबिंदू साधारण कुठून जाईल एवढंच सांगतो. तीनात एकदा केंद्र त्याच्या बाहेरही जातं, आणि पाणी-पाऊस तर शंकूच्या रेषेवर थांबत नाहीतच.

वेळेचं गणित उलटं मांडायचं. वादळ बुधवारी रात्री धडकणार असेल तर बुधवार दुपारपर्यंत वेळ आहे असं वाटतं. तसा तो नसतो. सतत ताशी चाळीस मैलांच्या आसपास वारा सुटला की पूल बंद होतात, आणि पिनेलसमधून बाहेर पडायचं तर बहुतेकांना पूलच ओलांडावा लागतो. गॅस, म्हणजे पेट्रोल, त्याआधीच संपतो. इथलं इंधन जहाजाने टॅम्पाच्या बंदरात येतं, बंदर बंद झालं की पंप कोरडे पडत जातात. म्हणून जून ते नोव्हेंबर गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. आम्ही आता फ्रिजवर कागद लावलाय: आदेश आला की सहा तासांत घराबाहेर. निर्णय आधीच झालेला असतो, त्या दिवशी फक्त सामान भरायचं.

मिल्टनची गोष्ट सांगते, म्हणजे हे सगळं प्रत्यक्षात कसं होतं ते कळेल. हेलीनला दोन आठवडेही झाले नव्हते. खालच्या मजल्याच्या भिंती कापून काढलेल्या, सगळ्या गल्लीचे भिजलेले सोफे, गाद्या, फ्रिज रस्त्याच्या कडेला ढीग लावून पडलेले. ७ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी मिल्टनचा वारा ताशी १८० मैलांवर गेला आणि टॅम्पा बेला दहा ते पंधरा फूट पाण्याचा इशारा. ए, बी, सी तिन्ही झोनना आदेश. नवरात्र चालू होतं. वरच्या मजल्यावर आईने घट बसवलेले, अखंड दिवा लावलेला. मला वाटलं होतं ती दिव्यासाठी हटून बसेल. तिने थोडा वेळ देवापुढे बसून देवीचा टाक डब्यात घेतला, घटाला नमस्कार केला, दिवा शांत केला आणि म्हणाली, "देवी बरोबर येतेय, दिवा तिथे लावू." मैत्रिणीच्या घरी पोहोचल्यावर चपला काढायच्या आधी तिने तो लावला. एरवी सव्वा तासाचा रस्ता, त्या रात्री साडेतीन तास लागले.

मिल्टन ९ तारखेला रात्री सिएस्टा कीवर, म्हणजे आमच्या दक्षिणेला धडकलं. त्यामुळे खाडीत पाणी चढलंच नाही, पुन्हा बाहेर ओढलं गेलं. सेंट पीटर्सबर्गमध्ये मात्र अठरा इंचांहून जास्त पाऊस पडला, स्टेडियमचं छत फाटलं, एक क्रेन इमारतीवर कोसळली. आमचं घर जसं सोडलं होतं तसंच सापडलं. लेकलँडला उलट दोन दिवस वीज नव्हती. आणि पूर्व किनाऱ्यावर, जिथे कुणी पाण्याची भीती घातली नव्हती, तिथे सेंट लूसी काउंटीत मिल्टनच्याच टॉर्नेडोंनी सहा माणसं नेली. निघालं म्हणजे हमखास वाचलं, असं मी म्हणणार नाही. पण या वेळी परत येताना गाडीत कुणीही 'उगाच' हा शब्द काढला नाही.

आता तुमच्या सासू-सासऱ्यांसाठी काही गोष्टी. त्यांचे पासपोर्ट, विमा आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका झिपच्या पिशवीत आजच घालून ठेवा. पासपोर्ट भिजला तर परतीचं सगळंच अडकतं. निदान दोन आठवड्यांच्या गोळ्या हाताशी ठेवा. इन्सुलिन असेल तर थर्मास आणि बर्फाच्या पिशव्या लागतील. ऑक्सिजन किंवा तशी यंत्रं असतील तर काउंटीच्या विशेष निवाऱ्यासाठी आधी नोंदणी करावी लागते, ऐन वेळी नको. ओळखीचं कुणी नसेल तर शाळांमधले निवारे फुकट असतात. आपल्याकडची माणसं तिथे जायला संकोचतात. संकोच करू नका. सतरंजी, खाकरे-लाडू, पाण्याच्या बाटल्या न्या, रात्र निघते.

नोकरीचं म्हणाल तर मिल्टनच्या वेळी माझ्या ऑफिसने सोमवारी संध्याकाळपर्यंत सुट्टी जाहीर केली नव्हती. मी मॅनेजरला दोन ओळींची मेल टाकली, झोन आणि आदेश लिहिला आणि निघाले. व्हिसावर असलेल्यांची भीती मला कळते, मीही कित्येक वर्षं त्यात काढलीत. तरी लेखी कळवा आणि निघा.

थांबायचं ठरलं तर जनरेटर कधीही घरात, गॅरेजमध्ये किंवा खिडकीजवळ लावू नका. त्याचा वायू वासाशिवाय मारतो. २०२० मध्ये लॉरा हरिकेननंतर लुइझियानात वादळापेक्षा जास्त बळी त्यानेच घेतले.

सासऱ्यांना 'तुम्हाला माहीत नाही' असं म्हणू नका, त्यांना दुखेल आणि ते खरंही नाही. त्यांना वारा माहीत आहे. मोजपट्टी घ्या, झोनच्या नकाशावरचा फुटांचा आकडा बघा आणि तो तुमच्या हॉलच्या भिंतीवर त्यांच्याच हाताने मोजून पेन्सिलने खूण करायला लावा. आमच्याकडे हेलीननंतर बाबांनी तशी खूण केली: जिन्याच्या कडेला, बावीस इंचांवर, '२६-९-२४'. नवीन भिंती रंगवताना रंगाऱ्याला आम्ही ती तेवढी जागा सोडायला सांगितली.