टॅम्पात हरिकेन येतंय, आईबाबा भारतातून आलेत, शेल्टरमध्ये राहायची तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की अपार्टमेंट तळमजल्यावर, झोन ए (म्हणजे सगळ्यात आधी रिकामा करायला सांगतात तो भाग), आईबाबा व्हिजिटर व्हिसावर, मुलगी चार वर्षांची, हॉटेलं फुल्ल आणि ट्रॅफिकमध्ये अटलांटापर्यंत गाडी हाकायची हिंमत नाही. मग शेल्टरला जा, त्यात कसला आलाय कमीपणा. आम्ही दोनदा राहिलोय, २०१७ ला इर्मा वादळाच्या वेळी आणि २०२४ ला मिल्टनच्या, आणि दोन्ही वेळेला सासूबाई नेमक्या इथेच होत्या. आता नवरा म्हणतो, आई तू तिकीट काढलंस की हरिकेन सेंटरवाले कामाला लागतात.

सगळ्यात आधी शेल्टर म्हणजे काय ते डोक्यात बसवा, कारण आमचा इर्माला घोळ तिथेच झाला. बहुतेक शेल्टर म्हणजे शाळा, भक्कम बांधलेली, आणि तुम्हाला जागा मिळते वर्गात, जिममध्ये नाहीतर कॉरिडॉरमध्ये. लग्नाच्या आदल्या रात्रीचं कार्यालय आठवा, सगळं वऱ्हाड सतरंज्यांवर आडवं. फक्त इथे सतरंजी पण आपणच न्यायची. वादळाच्या शेल्टरमध्ये माणशी २० चौरस फूट जागा धरतात, म्हणजे चार बाय पाच, म्हणजे पाय सरळ केले की तुम्ही शेजाऱ्याच्या हद्दीत. कॉट, गादी, उशी काही मिळेल असं धरून चालू नका. छप्पर, भिंती, संडास, पाणी आणि दारात पोलीस, एवढं त्यांचं, बाकी सगळं तुमचं.

आम्ही इर्माला काय नेलं? दोन मोठ्या सुटकेसा, त्यात पासपोर्ट, लॅपटॉप, दागिने, चांगले कपडे. अंथरायला काहीही नाही! फरशी गार, वरून एसी फुल्ल, आणि सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले, त्या खाली बसल्या तर दोघांनी धरून उठवावं लागतं आणि रात्रीत चार वेळा बाथरूमला जायचं. शेवटी एका वर्गातून मुलांची प्लास्टिकची खुर्ची मिळाली, त्या खुर्चीत त्यांनी आख्खी रात्र काढली. सकाळी पाय इतके सुजले होते की चपलेत जाईनात, मोज्यांवरच गाडीपर्यंत चालल्या. एका शब्दाने बोलल्या नाहीत, उलट मलाच म्हणाल्या तू जरा पड. मला ती खुर्ची अजून दिसते.

म्हणून तुमच्यासाठी एक नंबरची वस्तू सांगते, फोल्डिंग खुर्ची. बीचवर नेतो ना, पाय लांब करता येणारी, तीच, आईबाबांना एकेक. मिल्टनला आम्ही ती नेली, शिवाय योगा मॅट, सासूबाईंनीच शिवलेली गोधडी, प्रत्येकाला एक शाल, स्वेटर आणि पायमोजे. वीज गेली की जनरेटरवर मोजके दिवे चालतात पण एसी बंद होऊ शकतो, मग अर्ध्या रात्री थंडी जाऊन घामाच्या धारा, म्हणून कपडे सुती आणि एकावर एक घालता येतील असे.

जागा भिंतीलगतची धरा, बाथरूमपासून फार लांब नको आणि अगदी दाराशी पण नको, रात्रभर वर्दळ असते. अशी जागा हवी असेल तर लवकर जावं लागतं. वारा वाढला की पूल बंद होतात, ॲम्ब्युलन्स पण निघत नाही, आणि शेल्टरमधून कुणाला आतबाहेर करू देत नाहीत. आमच्या इथे मिल्टनला एक कुटुंब संध्याकाळी उशिरा आलं, त्यांना जिमच्या मधोमध जागा मिळाली, चारी बाजूंनी लोक ओलांडून जातायत.

औषधांचं आजच बघा. फ्लोरिडात गव्हर्नरने इमर्जन्सी जाहीर केली की प्रिस्क्रिप्शनची ३० दिवसांची औषधं वेळेआधी भरून मिळतात, पण ते तुम्हाला लागू, आईबाबांना कुठलं? त्यांच्या गोळ्या भारतातून आणलेल्या, इथलं प्रिस्क्रिप्शनच नाही. तेव्हा स्ट्रिप्स मोजा, कमीत कमी आठवडाभराच्या वेगळ्या काढा, डॉक्टरची चिठ्ठी आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सचा कागद त्याच पिशवीत, आणि ती पिशवी सुटकेसमध्ये नाही, अंगाशी. इन्सुलिन असेल तर छोटा कूलर, म्हणजे बर्फ घालून गार ठेवायचा डबा, पण बाटली थेट बर्फावर ठेवू नका, गोठलं की वाया गेलं. घरात कुणाला ऑक्सिजन किंवा विजेवर चालणारं मशीन लागत असेल तर साधं शेल्टर नाही, स्पेशल नीड्स शेल्टर वेगळं असतं, त्याची नोंदणी वादळाआधी करायची असते, लगेच कौंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या ऑफिसला, फोन करा.

व्हिसाची काळजी करत असाल तर आम्हाला दोन्ही वेळेला फक्त नाव, पत्ता आणि किती जण एवढंच विचारलं. तरी पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद) ची प्रिंट, लीजचा कागद हे झिपलॉकमध्ये घालून जवळ ठेवा, ते शेल्टरसाठी नाही, घरात पाणी शिरलं तर नंतर इन्शुरन्सच्या भानगडीसाठी. निघताना फोनवर घराचा व्हिडिओ पण काढा, कपाटं उघडून.

आता खाणं. जेवण देतात काही ठिकाणी, पण कधी आणि काय याचा नेम नाही, शाकाहारी असाल तर ब्रेड आणि सफरचंदावर दिवस निघतो. गॅस, शेगडी, इंडक्शन काही चालत नाही. प्रवासाची शिदोरी बांधतो तशी बांधा, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, लाडू. लोणच्याची बरणी नको, बंद हॉलमध्ये दीडशे माणसांना तो वास सहन करायला लावणं बरं नाही (हा अनुभव आहे, जास्त विचारू नका). पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, तीन दिवसांचं. सगळं आत नेता नाही आलं तर गाडीत राहू दे, पण गाडी वादळ संपेपर्यंत हाताशी नसेल हे धरून चाला.

मिल्टन आलं ९ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन नवरात्रात. घरी घट बसलेले, अखंड दिवा, सासूबाईंचे नऊ दिवसांचे उपास. त्या म्हणाल्या मी दिवा सोडून येणार नाही. रिकाम्या घरात पेटता दिवा ठेवून तर जाता येत नाही आणि शेल्टरमध्ये काडी पण ओढू देत नाहीत. शेवटी त्यांच्या पुण्यातल्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला, ते म्हणाले आजी, देवी तुमच्याबरोबर येईल, टाक घ्या आणि निघा. त्यांनी टाक रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि मुलाच्या बॅटरीवरच्या मेणबत्तीसमोर शाळेच्या वर्गात आरती केली, हळू आवाजात. शेजारची क्यूबन आजी हात जोडून बसली होती, मग तिला राजगिऱ्याचा लाडू मिळाला. उपासाचं आम्ही भरपूर नेलं होतं, तिसऱ्या दिवशी तेच सगळ्यांनी खाल्लं.

मुलीसाठी दोन छोटी खेळणी, रंगपेटी, डाउनलोड केलेली कार्टून्स, हेडफोन. झोपताना अंगावर घ्यायची तिची रोजची चादर विसरू नका. रात्रभर कुठेतरी दिवा चालू असतो, कुणीतरी घोरतं, कुणाचं तरी बाळ रडतं, म्हणून डोळ्यांवरच्या पट्ट्या आणि इअरप्लग्ज घ्याच. बाथरूमसाठी स्लिपर्स, टॉयलेट पेपरचा एक रोल, वेट वाइप्स, आणि आपला मग किंवा रिकामी बाटली, समजलं असेलच.

चार्जिंगला प्लग मिळेल असं समजू नका, पॉवर बँक दोन. आणि भारतातून येणारे फोन हे वेगळंच वादळ. आमच्या नाशिकच्या मावशी टीव्ही बघून दर अर्ध्या तासाला रडत फोन करायच्या, बॅटरी ४० टक्क्यांवर. आता एकाच दिरावर जबाबदारी दिलीय, मी त्याला मेसेज टाकते, तो सगळ्या ग्रुपवर फिरवतो.

कुणीतरी तुम्हाला म्हणेलच की अहो कॅटेगरी तीनच तर आहे, किंवा आपण फ्लड झोनमध्ये नाही. ऐकू नका. कॅटेगरी नुसत्या वाऱ्याची असते. फ्लड झोन इन्शुरन्ससाठी असतो, इव्हॅक्युएशन झोन समुद्राचं पाणी किती आत येईल त्यावर ठरतो, दोन्ही नकाशे वेगळे. मिल्टनच्या दोनच आठवडे आधी हेलीन वादळ शंभरेक मैल लांबून गेलं तरी टॅम्पा बेचं पाणी लोकांच्या घरात शिरलं. मिल्टन थेट येणार म्हणत होते, ते जरा दक्षिणेला सिएस्टा कीला धडकलं आणि आमच्या खाडीचं पाणी उलट बाहेर ओढलं गेलं, पण पलीकडे सेंट पीटर्सबर्गला १८ इंचांवर पाऊस आणि ट्रॉपिकाना फील्डचं छप्पर फाटलं. त्या स्टेडियममध्ये मदतकार्य करणाऱ्यांसाठी कॉट्स मांडून ठेवल्या होत्या! म्हणून दिसायला मोठी इमारत बघून जाऊ नका, कौंटीने उघडलंय म्हणून जाहीर केलेलं शेल्टरच बघा. यादी दर वादळाला बदलते, गेल्या वेळची शाळा याही वेळी उघडेल असं नाही. कुत्रं-मांजर असेल तर पेट शेल्टर वेगळं, पिंजरा आणि लसीचे कागद लागतात.

निघायच्या आधी गाडीची टाकी फुल्ल करा, आणि फ्रीझरमध्ये कपभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक क्वार्टर (२५ सेंटचं नाणं) ठेवा. परत आल्यावर नाणं बुडालेलं दिसलं तर मधे बर्फ वितळला होता, सगळं फेकून द्या, चव बघत बसू नका. आमचं नाणं तळाला होतं, दोन किलो खवलेला नारळ गेला.

बाबांना काही त्रास आहे का ते लिहिलं नाहीत तुम्ही. बीपी, शुगर, गुडघे, काय असेल ते कमेंटमध्ये टाका, त्याप्रमाणे सांगते. तोवर खुर्च्या घेऊन या, दुकानातल्या उद्या दुपारपर्यंत संपतील.