कोर टू ड्युओ ई८४०० ठेवावा की कोर टू क्वाड क्यू६६००?

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा यंत्रमाग कारखाना आहे. तेथील कार्यालयात दोन जुने डेस्कटॉप पडून आहेत. एकात इंटेलचा कोर टू ड्युओ ई८४०० हा प्रोसेसर आहे, तर दुसऱ्यात कोर टू क्वाड क्यू६६००. दोन्हींत रॅम ४ जीबी असून हार्डडिस्क मूळचीच आहे. त्यांपैकी एक दुरुस्त करून बिले, जीएसटीचा हिशेब आणि टॉवेलच्या किनारीची डिझाइन यांसाठी वापरायचा आहे. चार कोरचा (म्हणजे प्रोसेसरमध्ये चार गणन-केंद्रे असलेला) क्यू६६०० ठेवावा असे मुलाचे म्हणणे आहे, तर संगणक दुरुस्त करणारा दोन कोरच्या ई८४०० ची शिफारस करतो. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या कामापुरते दुरुस्ती करणाऱ्याचे ऐकावे, चिरंजिवांचा तर्क चुकीचा नाही, पण तो वेगळ्या कामाला लागू पडतो.

क्यू६६०० जानेवारी २००७ मध्ये बाजारात आला आणि ई८४०० त्यानंतर वर्षभराने. पहिला ६५ नॅनोमीटर तंत्राने घडवलेला असून त्याची गती २.४ गिगाहर्ट्झ आहे. दुसरा ४५ नॅनोमीटरचा, ३ गिगाहर्ट्झचा. बिल काढणे, खातेवही उघडणे, एका चौकटीत आकडे भरणे अशा कामांत बहुधा एकाच कोरवर भार पडतो आणि उरलेले कोर रिकामे बसतात. तेथे ई८४०० ची गती सरळ चतुर्थांशाने जास्त ठरते, शिवाय त्याची रचनाही थोडी सुधारलेली आहे. व्हिडिओचे रूपांतर किंवा त्रिमितीय चित्राचे रेंडरिंग करायचे असते, तर चारही कोर कामाला लागून क्यू६६०० स्पष्टपणे पुढे गेला असता.

कॅशच्या, म्हणजे प्रोसेसरमधील छोट्या वेगवान स्मृतीच्या, आकड्याने मात्र फसू नये. क्यू६६०० वर ८ एमबी लिहिलेले असते. प्रत्यक्षात त्यात दोन-दोन कोरच्या दोन चिप एकाच आवरणात शेजारी बसवल्या आहेत आणि प्रत्येक जोडीला आपापली ४ एमबी कॅशच मिळते. एका जोडीला दुसरीकडची माहिती हवी असेल, तर ती १०६६ मेगाहर्ट्झच्या फ्रंट साइड बसवरून (प्रोसेसरला बाकीच्या संगणकाशी जोडणाऱ्या मार्गावरून) फिरून आणावी लागते. ई८४०० मध्ये ६ एमबी कॅश दोन्ही कोर मिळून वापरतात आणि त्याची बस १३३३ मेगाहर्ट्झची आहे.

माझ्या मते निर्णय उष्णतेवरच व्हावा. ई८४०० चा औष्णिक भार ६५ वॅट आहे. क्यू६६०० च्या सुरुवातीच्या आवृत्तीचा १०५ वॅट आणि नंतरच्या आवृत्तीचा ९५ वॅट. प्रोसेसरच्या झाकणावर एसएलएसीआर ही अक्षरे असतील तर आपला नंतरचा समजावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेलेला असताना, पत्र्याच्या छपराखाली, मागावरून उडणारे सुताचे तंतू पंख्यात आणि हीटसिंकच्या (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत अडकत असताना हा फरक कागदावरचा राहत नाही. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो, म्हणजे ज्या चार कोरसाठी तो ठेवला तेच मंदावतात. दोघांचे सॉकेट एकच, एलजीए ७७५, असले तरी ई८४०० चा बुटका कूलर क्यू६६०० वर बसवू नये. कोणताही ठेवा, जुनी सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावून घ्यावी आणि कॅबिनेट जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावे.

खर्च करायचाच असेल तर तो प्रोसेसरपेक्षा साटा एसएसडीवर (हार्डडिस्कऐवजी बसणाऱ्या वेगवान साठवणीवर) करावा. या काळातील मदरबोर्डवर तिला पूर्ण वेग मिळणार नाही. तरीही संगणक सुरू होण्यातला आणि फाइल उघडण्यातला फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. रॅम वाढवण्यापूर्वी मदरबोर्डची मर्यादा पाहावी, कारण त्या काळच्या अनेक स्वस्त बोर्डांवर ४ जीबीच्या पुढे जाता येत नाही. विंडोज ३२ बिटची असेल तर आहे ती रॅमसुद्धा पूर्ण वापरली जात नाही. अशा वेळी ६४ बिटची आवृत्ती टाकून घ्यावी.

विंडोज ११ चा विचार दोघांवरही सोडून द्यावा. तिच्या २४एच२ आवृत्तीला एसएसई ४.२ हा आदेशसंच लागतो. ई८४०० एसएसई ४.१ पर्यंतच पोहोचतो आणि क्यू६६०० त्याच्याही अलीकडे थांबतो. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, म्हणून या संगणकावर बिले आणि डिझाइन खुशाल करावीत, पण बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचे विवरणपत्र भरण्याचे काम अद्ययावत यंत्रणा असलेल्या दुसऱ्या संगणकावरून करावे.