धमनीचं अस्तर आणि 'शिथिल' कोण होतं?

अमळनेरच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. गावातल्या आरोग्य शिबिरासाठी त्या हृदयविकारावर पत्रक लिहीत आहेत. रक्तवाहिनीच्या आतल्या थराला अस्तर म्हणावं की अंतःस्तर? औषधाने धमनी 'प्रसरण पावते' म्हणावं की 'शिथिल होते'?

ताई, अस्तरच लिहा. कोटाला आणि गोधडीला अस्तर असतं हे घराघरांत माहीत आहे, आणि पेशींचा हा एकपदरी थर त्या शब्दात नेमका बसतो. अंतःस्तर पाठ्यपुस्तकात राहू द्या. फक्त कापडाचं अस्तर नुसतं लावलेलं असतं. हे अस्तर काम करतं. त्याला क्रियापदही तसंच हवं: अस्तर वायू 'सोडतं'.

हे कळलं ते अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगातून. सशाच्या महाधमनीचा तुकडा आधी औषधाने आखडवायचा, मग त्यावर ॲसिटिलकोलीन हे शरीरातलंच एक संदेशवाहक रसायन घालायचं. अस्तर शाबूत असेल तर तुकडा सैल पडे. आतली बाजू घासून अस्तर निघालं असेल तर सैल पडत नसे. 1980 साली त्यांनी हे मांडलं. म्हणजे ॲसिटिलकोलीन अस्तराला लागतं, अस्तर काहीतरी सोडतं आणि त्याने भिंतीतला शेजारचा स्नायू सैलावतो. ते 'काहीतरी' नायट्रिक ऑक्साइड वायू निघालं आणि 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळालं.

मात्र 'अस्तरामुळे औषध लागू पडतं' असं सरसकट लिहू नका. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी अस्तरावर अवलंबून नसते. तिच्यापासून स्नायूतच नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. मधुमेहाने किंवा तंबाखूने अस्तर बिघडलेल्या माणसालाही ती उपयोगी पडते, ते यामुळेच. तंबाखूने अस्तर बिघडतं, हे आपल्याकडच्या पत्रकात ठळक छापा.

आता प्रसरण. हा शब्द मी टाळेन, कारण हृदयाचं आकुंचन-प्रसरण लोकांच्या कानात पक्कं बसलंय आणि घोटाळा होईल. शिथिल होतो तो स्नायू. रुंदावते ती वाहिनी. दोन्ही क्रियापदं ठेवा, कर्ते अदलाबदल करू नका. 'ढिली' मात्र नको. 'नस ढिली पडनी' असं अहिराणीत सांगितलं तर घरचे घाबरतील.

'नस'सुद्धा नको. बोलण्यात ती शीरही असते आणि मज्जातंतूही. आणि सॉर्बिट्रेटच्या बाबतीत नुसतं 'धमनी' म्हणणंही अपुरं आहे, कारण ती गोळी धमन्यांपेक्षा शिरा जास्त रुंदावते. म्हणून वाक्य असं करा: 'या गोळीने रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैलावतात, वाहिन्या रुंदावतात आणि हृदयावरचा भार कमी होतो.'