पोळ्याचे बैल, भुलाबाईची मखर, दिवाळीचा कंदील: वाचकांचे प्रश्न

पिठोरी अमावस्येला पोळा येतो आणि तिथून दिवाळीपर्यंत घरातल्या मुलांचे हात रिकामे राहत नाहीत. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न ‘केलं, पण टिकलं नाही’ अशा तक्रारीचे आहेत. म्हणून उत्तरांतही कृतीबरोबर कारणं दिली आहेत.

शेतातली काळी माती चाळून, भिजवून मुलांनी पोळ्याचे बैल केले. दुसऱ्याच दिवशी पायांना तडे गेले, एकाची मानच सुटली. काय चुकलं? (अमळनेर तालुका)

चाळण्यात काही चुकलं नाही. तापीकाठची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याच कारणाने, आणि तुमच्या बैलांनाही त्याच पडल्या. नुसत्या काळ्या मातीचे बैल करूच नयेत, तिच्यात भर घालावी लागते.

तीन वाट्या मातीला एक वाटी बारीक वाळू घ्या. ढेकळं कोरडीच फोडून चाळा, रात्रभर भिजत ठेवा आणि सकाळी वाळू मिसळा. मग किलोभर मातीला एक मूठ कापूस बोटांनी अगदी सुटा पिंजून थोडा थोडा मळत जा. कापसाचा धागा माती धरून ठेवतो. मात्र गोळा तसाच राहिला तर तिथे पोकळी होऊन पाय नेमका तिथेच तुटतो, म्हणून पिंजण्यात घाई नको. हे काम लहान मुलांना द्यावं, त्यांना ते आवडतंही. बोट दाबल्यावर ठसा उमटावा पण माती बोटाला लागू नये, इतकी घट्ट झाली की ओल्या फडक्यात एक दिवस गुंडाळून ठेवा.

तडे पायांनाच गेले, याचा अर्थ आत काड्या घातल्या असाव्यात. पाय मजबूत व्हावेत म्हणून बहुतेक जण घालतात. पण वाळताना माती आकसते, काडी आकसत नाही, आणि माती काडीभोवती फाटते. त्यापेक्षा अख्खा बैल एकाच गोळ्यातून काढा. साधारण पाच इंच लांबीची जाड वळी करा. दोन्ही टोकं दोऱ्याने मधोमध दीड इंच उभी चिरा आणि चिरलेले भाग खाली वळवा. चार पाय तयार. ते आखूड आणि जाडच ठेवा. मान, डोकं आणि वशिंड जोडताना दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढा, मातीची पातळ राब लावा आणि दाबून सांधा बोटाने पुसून घ्या. कोरडं कोरड्याला चिकटवलं तर वाळल्यावर सुटणारच. शिंगांसाठी फक्त भोकं ठेवा. बैल पूर्ण वाळल्यावर कडुनिंबाच्या बारीक काड्या डिंकाने त्यांत बसवा.

पावसाळी हवेत वाळायला पाच-सहा दिवस लागतात. पहिले दोन दिवस वर्तमानपत्र झाकून सावलीत ठेवा, पंखा किंवा ऊन देऊ नका. नाहीतर कान आणि पाय आधी वाळतात, पोट ओलंच राहतं आणि जोड ओढला जातो. बैल गालाला लावून बघा. गार लागला तर आत ओल आहे, रंग लावायचा नाही. वाळल्यावर एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी असा एक हात देऊन तो सुकू द्या, मग गेरू किंवा पोस्टर कलर लावा. कच्च्या मातीवर थेट ओला रंग फिरवला की माती सुटून रंग मळकट होतो. हे सगळं धरून पोळ्याच्या आधी आठ-दहा दिवस सुरुवात हवी.

कोजागिरीला भुलाबाईसाठी मुली पाच धांड्यांची मखर करतात. रात्री घट्ट बांधलेली मखर दोन दिवसांत ढिली होऊन कलते. (चोपडा)

त्या दिवसांत खरिपाच्या ज्वारीचे धांडे अजून ओले असतात. वाळताना ते बारीक होतात आणि गाठ मात्र होती तेवढीच राहते. घरात मागच्या हंगामातला दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, कडबा असेल तर त्यातले सरळ, कीड न लागलेले धांडे घ्या. ओलेच वापरायचे झाले तर सुतळीऐवजी जुन्या सायकल ट्यूबच्या अर्ध्या इंची पट्ट्या ताणून बांधा. धांडा आकसला तरी रबर मागोमाग आवळत जातं. बांधणी पेराला लागून करावी म्हणजे ती घसरत नाही. खालची टोकं पाटावर मातीच्या गोळ्यांत रोवा.

एक काळजी मात्र घ्याच. धांड्याचं सालपट पात्यासारखं कापतं. सालं मोठ्यांनी काढावीत आणि आतला पांढरा गाभा मुलांना द्यावा. गाभ्याचे तुकडे सालपटाच्या बोथट काड्यांनी टोचून जोडले की छान बैलगाडी होते. तिला डिंक लागत नाही.

कंदिलासाठी कामट्यांची चांदणी करताना एक पाकळी मोठी, एक लहान होते. शिवाय जिलेटिन कागद खळीने चिकटतच नाही. (धुळे)

पाचही कामट्या सारख्या लांबीच्या असल्या तरी त्या एकमेकींना कुठे छेदतात हे पाहिलं नाही तर चांदणी वाकडी होते. १८ इंचांच्या दहा कामट्या घ्या. प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून सात-सात इंचांवर पेन्सिलने खूण करा, मध्ये चार इंच उरतात. पाच कामट्यांची टोकं बांधून चांदणी करा आणि सगळे छेद खुणांवर आले की मगच तिथे दोरा बांधा. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ही मोजमापं सहज जमतात. अशा दोन चांदण्या पाठीला पाठ लावून पाचही टोकांना बांधा आणि आतल्या पाच छेदांवर चार-चार इंचांच्या काड्या आडव्या अडकवून दोन्ही चांदण्या फाकवा. कामट्या आधी अर्धा तास पाण्यात ठेवल्या तर या वेळी मोडत नाहीत. त्यांची धार पॉलिश पेपरने घासूनच मुलांच्या हाती द्या.

खळ पाण्यातली असते आणि जिलेटिन पाणी शोषत नाही, म्हणून ती धरत नाही. त्याला दुहेरी टेप लावा. आमची पसंती मात्र पतंगाच्या कागदाला आहे. तो खळीने घट्ट बसतो आणि त्यातून उजेड मऊ पडतो. कागद कामटीपेक्षा अर्धा इंच मोठा कापून कडा आत दुमडा. ताणून लावू नका, ओला कागद सुकताना आपोआप ताणला जातो आणि आधीच ताणलेला असेल तर फाटतो.

खळीसाठी दोन चमचे मैदा कपभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग मंद आचेवर सतत ढवळत चकाकी येईपर्यंत शिजवा. गरम पाण्यात मैदा टाकला तर गुठळ्या सुटत नाहीत. झुरळं लागू नयेत म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या हाताशी अजिबात नको. चिमूटभर तुरटी घाला आणि खळ दोन दिवसांत संपवा.

बल्ब घालायला बाजूची एक पट्टी उघडी ठेवा. आत तीन वॅटपर्यंतचा एलईडी पुरतो. जुना तारेचा बल्ब तापतो, आणि कागदी कंदिलात पणती किंवा मेणबत्ती कधीच ठेवू नये.

मुलांनी रंगवलेल्या पणत्यांचा रंग तेलाने सुटतो. (भुसावळ)

पणती तेल पिते आणि ते आरपार येऊन रंगाखाली शिरतं. रंग फक्त बाहेरून लावा, वातीच्या बाजूचा काठ अर्धा इंच कोरा सोडा, आणि रंगवलेल्या पणतीत दुसरी लहान, कोरी पणती ठेवून तेल तिच्यात घाला. टिकल्या आणि आरसे चिकटवायचे तर वातीच्या विरुद्ध बाजूला लावा. तीन-चार वर्षांच्या मुलांना ते देऊ नका, तोंडात जातात. त्यांच्यासाठी चुना आणि गेरूचे बोटांनी उमटवलेले ठिपके पुरेत. चुना मात्र कालवून ठेवलेला, हाताला न झोंबणारा खडूचाच घ्या. पानाचा चुना कातडी भाजतो.