शेतीसंरक्षणासाठी .३१५ रायफल मागू नका, माझे १७ महिने त्यात गेले

तुम्ही लिहिलंय की लांज्याकडे दीड एकर भात आणि वर काजूची बाग आहे, डुकरांनी जीव नकोसा केलाय, हाताशी पैसे बेताचे आहेत, तर बोल्ट-ॲक्शन (दर बाराला हाताने खटका ओढायची) रायफल .३१५ घ्यावी की .३०-०६ (ही काडतुसांची मापं), आणि काडतूस कुठलं परवडेल. वाचून पोटात कालवलं. सात वर्षांपूर्वी मी शब्दन्‌शब्द हेच विचारत फिरत होतो. कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, सकाळी पाऊल टाकावं तर भात आडवं, लोंब्या चघळून थुंकलेला चोथा ठिकठिकाणी, आणि बांधावर खुरांचे ओले ठसे. रात्रभर मांगरात (शेतावरच्या खोपटात) राखण करूनही हे बघायला लागतं तेव्हा माणूस पहिल्यांदा बंदुकीचाच विचार करतो.

अर्ज, सात-बारा, चारित्र्य पडताळणी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. मला जे नडलं ते सांगतो.

माझे एक आतेभाऊ घाटावर असतात, त्यांच्याकडे .३१५ होती. हातात घेतली आणि मन बसलं. मी अर्जात उद्देश लिहिला ‘शेतीसंरक्षण’ आणि शस्त्र लिहिलं ‘.३१५ बोल्ट-ॲक्शन रायफल’. या दोन ओळी एकमेकींशी जुळतच नाहीत. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ वाचा. शेतीसंरक्षणासाठी त्यात ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची, निदान २० इंच नळीची बंदूक देता येते. रायफलच्या नळीला आतून पीळ असतो, त्यामुळे ती यात बसत नाही. तिच्यासाठी वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं, आणि डुकरं हे कारण तिथे टिकणं फार अवघड.

हे मला पहिल्याच दिवशी, पहिल्याच टेबलावर कुणीतरी सांगायला हवं होतं. कार्यालयाचं नाव घेत नाही. पण मी गेलो की एक नवा कागद. आधी शेजाऱ्यांची संमती, मग सात-बारा जुना झाला म्हणून नवा, मग पोलिसांचा अभिप्राय पुन्हा. साहेब दौऱ्यावर, फाइल वर, फाइल खाली. दोन काजूचे हंगाम आणि एक गरवं (उशिरा पिकणारं) भात यात गेलं. १७ महिन्यांनी एका ओळीचं पत्र आलं: मागणी केलेलं शस्त्र उद्देशाशी सुसंगत नाही. ती ओळ त्यांना पहिल्या आठवड्यात लिहिता आली असती. इतक्या वेळा त्या बाकड्यावर बसलो, एकानेही अर्ज उघडून वाचला नव्हता याचा राग अजून जात नाही.

दुसऱ्या अर्जात मी १२ बोअरची (गुळगुळीत नळीची, छर्ऱ्याची) एकनळी बंदूक मागितली आणि ठासणीची का पुरत नाही ते स्वतःच्या शब्दांत लिहिलं: पावसात दारू सादळते, केप (बार पेटवणारी छोटी टोपी) ओली होते, आणि एक बार फुकट गेला की परत ठासेपर्यंत कळप पसार होतो. सोबत वनखात्याने केलेल्या नुकसानीच्या पंचनाम्यांच्या प्रती जोडल्या. भरपाई किती मिळते हा वेगळा विषय, पण दरवेळी अर्ज करा आणि प्रत जपून ठेवा. परवान्याच्या वेळी तोच पुरावा कामाला येतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी कुणी शस्त्रतज्ज्ञ नाही, माझ्या बागेपुरतं बोलतो. .३०३ हे लष्करी माप सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, म्हणून आपल्याकडे .३१५ चालते. रायफल दणकट आहे, काडतुसंही देशी कारखान्यांची आहेत. .३०-०६ त्याहून जोरदार, पण तिची काडतुसं मी विचारली तेव्हा दोन्ही दुकानांत नव्हती. तरी दोन्ही फुकट मिळाल्या तरी मी आपल्या बागेत वापरणार नाही. करवंदीच्या जाळीत आणि काजूखाली तुम्हाला डुक्कर दिसतं किती लांबून? पंचवीस, फार तर तीस मीटर. आणि रायफलची गोळी चुकली तर दोन किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते. आपल्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, पाणंदीने पहाटे माणसं येतात-जातात, खाली सगळा कातळ. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) जांभ्यावर आपटून गोळी कुठे उसळेल याचा नेम नाही. १२ बोअरमध्ये एल.जी. किंवा एस.जी. (मोठ्या दाण्यांचा) छर्रा त्या अंतराला पुरतो. छर्राही काही शे मीटर जातो, तेव्हा मागे मातीचा चढ असल्याशिवाय चाप ओढू नका. .२२चा विचार स्वस्त म्हणूनही करू नका, जनावर जखमी होऊन जाळीत शिरतं आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी अंगावर येतं.

तुमच्या प्रश्नात ‘शिकार’ हा शब्द दोनदा आलाय, तो कागदावर कुठेही येऊ देऊ नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. ती कलम ११ खाली वनखात्याकडून लेखी घ्यावी लागते. कायद्याचं नेमकं काय ते वकिलाला विचारा, मी अनुभव सांगतोय. आणि कंटाळून फासकी (तारेचा फास) किंवा तारेत करंट, हे कृपा करून नको. आमच्या शेजारच्या वाडीत फासकीत बिबट्या अडकला होता. त्याचं ओरडणं आम्ही रात्रभर ऐकलं.

निवडणुकीचंही आधीच धरून चाला. २०२४ मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला, दोन्ही वेळा बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं. मे महिन्यात काजू-आंबा, नोव्हेंबरात गरवं भात कापणीला. जमा करण्यातून सूट द्यायची की नाही हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते, म्हणून आचारसंहिता लागताच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणी लक्षात ठेवत नाही.

बंदूक आल्यावर ती कापडी किंवा चामडी म्यानात ठेवू नका. आपल्या खाऱ्या दमट हवेत म्यान ओल धरतं आणि पंधरा दिवसांत नळीवर तांबूस ठिपके येतात. खोबरेल लावू नका, चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल पातळ पुसा. काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. माझी जुनी कागदी काडतुसं एका पावसाळ्यात इतकी फुगली की नळीत शिरेनात, आणि पितळी बुडाला हिरवट बुरशीसारखं चढलं होतं. तशी फुगलेली काडतुसं दाबून बसवायला जाऊ नका.

एक गोष्ट कळवा: ज्या कुणग्यात जास्त नुकसान होतं तिथून जवळचं घर किती अंतरावर आहे, आणि सात-बारावर तुमचं एकट्याचं नाव आहे की भावकीचं सामाईक? सामाईक असेल तर सगळ्यांच्या संमतीचे कागद आत्ताच गोळा करायला घ्या, मुंबईतल्या भावांच्या सह्या गणपतीतच मिळतात.